निवडक बारा माणसे

सहलीहून परतलेल्या माणसाने सहल वाईट झाली असे कबूल करू नये, असा आपल्या मध्यमवर्गाचा एक अलिखित संकेत आहे. लग्नात जेवण बेचव होते हे सांगता येते, नाटक पडले हे तर आनंदाने सांगता येते. पण स्वतःच्या खिशातले पैसे मोजून केलेली सहल फसली हे सांगायचे म्हणजे आपण फसलो हेही सांगावे लागते. म्हणून गेल्या मार्गशीर्षात हरसूलच्या सहलीहून पुण्याला परतल्यावर, "कशी झाली सहल?" या प्रश्नाला मी चार महिने "छान! अगदी वेगळा अनुभव!" असे उत्तर देत होतो. मराठीच्या प्राध्यापकाला 'वेगळा' या शब्दाचा फार उपयोग होतो. कविता कळली नाही की तो वेगळी म्हणतो. आज मात्र या पानापुरता तो संकेत मोडतो आहे.

हरसूल हे गाव आईचे. म्हणजे माहेर नव्हे आणि सासरही नव्हे. १९६८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिला तिथल्या प्राथमिक शाळेत नेमणूक मिळाली आणि तीन वर्षे ती तिथे राहिली. तेव्हा हरसूल पेठ तालुक्यात होते. आता ते त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे. नाशिकपासून साठेक किलोमीटर, पलीकडे गुजरातची हद्द. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि चैत्र लागला की हंड्यांच्या रांगा. आम्हा भावंडांना लहानपणी गोष्टी सांगायच्या त्या हरसूलच्याच. त्यांत राजा नसे, राक्षस नसे. एक मुलगी मात्र हटकून असे. तिसरीतली ही मुलगी करवंदांचा द्रोण घेऊन बाईंच्या दारात येई आणि द्रोण देण्याआधी एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवी. एका दिवाळीनंतर तिचे आईबाप मजुरीसाठी बाहेर गेले, त्यांच्याबरोबर तीही गेली आणि शाळेत परत आली नाही. आई त्या घरी जाऊन आली, घर बंद होते. "मी फार उशिरा गेले," हे वाक्य आईने मला किती वेळा ऐकवले असेल त्याची गणती नाही.

आता आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे बोलतात. एकदा हरसूल बघायचे आहे, असे ती दोन वर्षे म्हणत होती आणि मी "बघू, सुट्टी लागली की" असे म्हणत होतो. अशा वेळी ती जाहिरात माझ्या हाती पडली. मजकूर असा: 'निवडक बारा जणांसाठी, सह्याद्रीच्या कुशीतील अस्सल आदिवासी जीवनाचा अनुभव. दोन रात्री, तीन दिवस. अभ्यासू मार्गदर्शक. ज्येष्ठांची विशेष काळजी. त्र्यंबकेश्वर, हरसूल आणि परिसर.' शुद्धलेखन निर्दोष होते. माझ्यासारखा मनुष्य तिथेच निम्मा घायाळ होतो. माणशी दर साडेचोवीस हजार. तिघांचे त्र्याहत्तर हजार पाचशे, त्यावर पाच टक्के कर. एकूण सत्त्याहत्तर हजार एकशे पंच्याहत्तर.

सौ. म्हणाली, "अहो, एवढ्यात लोक सिंगापूरला जातात."

"सिंगापूरला आईने शिकवलेलं नाही," मी म्हणालो. वाक्य चांगले होते, पण खरे कारण वेगळे होते. गाडी करून आईला स्वतः घेऊन जायचे, रस्ता शोधायचा, मुक्काम शोधायचा, अनोळखी लोकांना विचारत फिरायचे या सगळ्याचा मला कंटाळा आला होता. तो कंटाळा मी सत्त्याहत्तर हजारांना विकला आणि त्याला मातृभक्ती असे नाव दिले. नोंदणी करताना मी आईच्या शाळेची हकीकत सांगितली. पलीकडचा आवाज अतिशय मधुर होता. "सर, किती सुंदर! आपण नक्की थांबू तिथे." स्टाफरूममध्ये मी ही सहल दर न सांगता सांगितली, आणि नंतर दरही सांगितला.

नाशिकला निवडक बारा माणसे एकोणीस निघाली. 'दोन समूह एकत्र केले आहेत, म्हणजे ओळखी वाढतील' असा खुलासा झाला. तीन आरामशीर मोटारींच्या जागी एक छोटी बस होती. ज्येष्ठांची विशेष काळजी म्हणून आईला चाकावरचे आसन मिळाले. अभ्यासू मार्गदर्शक तेवीस-चोवीस वर्षांचा, गोड चेहऱ्याचा एक मुलगा होता. महिन्यापूर्वी तो कोकणातल्या सहलींवर होता. हातातल्या फोनवर बघून तो माहिती सांगे आणि घाटात फोन बंद पडला की गाण्याच्या भेंड्या सुरू करी. त्याच्यावर राग धरणे मला कधीच जमले नाही. वर्गात तयारी न करता गेलेला अध्यापक कसा दिसतो हे मी आरशात पाहिलेले आहे.

जाहिरातीतला धबधबा आषाढातला होता, आम्ही पोचलो मार्गशीर्षात. खडकावरून एक धार कशीबशी खाली येत होती. तिच्यासमोर एकोणीस जणांनी छायाचित्रे काढून घेतली. पुढे बसमध्ये मुलाने सांगितले, "या तालुक्यात एक फेमस पूल आहे, वेळ उरला तर तोही पॉइंट करू." तो शेंद्रीपाड्याबद्दल बोलत होता. तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांची छायाचित्रे गाजली, २०२२ च्या सुरुवातीला तिथे लोखंडी पूल बसवला गेला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुराने तो नेला. पॉइंट! वेळ उरला नाही, हे त्या दिवशीचे एक चांगले काम.

"सावरपाडा इकडंच ना रे?" आईने मधेच विचारले.

"काय आहे तिथे, आजी?"

"कविता राऊत तिथली. धावपटू." २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणारी ही मुलगी 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून सगळ्या देशाला माहीत झाली. मार्गदर्शकाने ते फोनमध्ये लिहून घेतले. पुढच्या सहलीत तो सांगत असेल. म्हणजे आईचे काही पैसे कंपनीकडे येणे निघतात.

मुक्काम एका प्रशस्त जागी होता. भिंतींवर वारली चित्रे होती. ती छापील होती एवढेच. आम्हांला कापडी पिशव्यांवर तसलीच चित्रे रंगवायला बसवले. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा, तो सुवासिनींनी लिहायचा, त्यात पालघाट देवी असायची. ही त्या कलेची मूळ जागा. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यातले काही आम्हांला कोणी सांगितले नाही. सौ.च्या पिशवीवरचा नाचणारा माणूस थोडासा माझ्यासारखा झाला होता. जेवणात 'आदिवासी थाळी' होती. पुरीएवढी नागलीची भाकरी, तीन रंगांच्या चटण्या आणि मध्यभागी पनीर. आईने भाकरी उलटून पाहिली आणि काही न बोलता खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, बोहाडा झाला.

बोहाडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यात उन्हाळ्यात गावोगाव हा उत्सव होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवदेवतांची आणि दैत्यांची सोंगे एकामागून एक येतात. मुखवटे मोठे, रंगीत. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हेही ठरलेले. मुखवटा चढला की तो माणूस राहत नाही, देव होतो. लोक पाया पडतात. आईने १९६९ साली तो पहाटेपर्यंत पाहिला होता. शाळेतला शिपाई सोंग घेऊन आला तेव्हा आपणही कशा वाकलो, हे ती अजून सांगते.

इथे फरसबंद अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा माणसे होती. गणपती आला, रावण आला, देवी आली. सगळे वीस मिनिटांत. मधे एका गृहस्थांनी मुखवटा मागून घेऊन स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि त्यांच्या मुलीने छायाचित्र काढले. मीही फोन वर केला. आईने माझा हात खाली ओढला. "दिवसा काढत नाहीत रे सोंग," ती म्हणाली. बस, एवढेच. मी फोन खिशात ठेवला, पण तोवर दोन छायाचित्रे निघाली होती आणि ती मी अजून पुसलेली नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर संबळ वाजवणारे म्हातारे गृहस्थ भिंतीच्या सावलीला बसले होते. मी जवळ गेलो. "बाबा, हे रात्रीचं ना?" म्हणून विचारले.

"रात्रीचंच. आम्ही सांगितलं होतं, संध्याकाळी तरी बोलवा, दिवसा भात झोडायचं चाललंय. पण संध्याकाळी तुमचं दुसरं काही असतं म्हणाले." आमचे संध्याकाळी दुसरे काय होते? शेकोटी, आणि कर्ण्यावर लावलेली सिनेमाची गाणी.

"काय मिळतं?"

"माणशी तीनशे. जेवण."

अंकगणिताची मला आवड नाही, पण त्या क्षणी हिशेब आपोआप झाला. अकरा माणसे, तेहतीसशे रुपये. पाहुणे एकोणीस, चार लाख पासष्ट हजार पाचशे. गाडी, जेवण, खोल्या यांचा खर्च असतो, हे मला कळते. पण जाहिरातीत अस्सल म्हणून जे विकले ते या अकरा माणसांपाशी होते. खोल्या कुठेही मिळतात. "बाकी मग देवीला काय वाटत असेल?" मी मूर्खासारखा विचारून गेलो. म्हातारा हसला. "देवीलाबी पोरांच्या फीची काळजी हाये," म्हणाला आणि संबळ गुंडाळू लागला. माझ्या वर्गात लोकसाहित्य हा विषय मी अकरा वर्षे शिकवतो आहे. एवढे नेमके उत्तर माझ्या टिपणांत नाही.

आणि हरसूल? ते तिसऱ्या दिवशी आले. दुपारचे दोन, बस बाजारपेठेत थांबली. "पंचवीस मिनिटं," मुलगा म्हणाला. मी शाळेची आठवण दिली. तो गोरामोरा झाला. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. त्याने वरती फोन लावला, फोनवरून उत्तर आले की सहाची गाडी पकडणारे पाहुणे आहेत, कार्यक्रमपत्रिकेत नसलेले थांबे घेता येणार नाहीत. सहप्रवासीही मग बोलू लागले. त्यांचेही बरोबरच होते, त्यांनीही साडेचोवीस हजार भरले होते. आई बसच्या खिडकीतून बघत राहिली. गावात आता सिमेंटच्या इमारती झाल्या आहेत, तिला दिशाच लागेना. "ते वडाचं झाड... नाही, ते नव्हे," असे तिचे चालले होते. बस हलली. ऐन त्या वेळी मी उठून, "गाडी थांबवा, आम्ही इथे उतरतो," असे म्हणायला हवे होते. सामान मागे अडकले होते, परतीचे तिकीट काढलेले होते, लोक बघत होते. मी बसूनच राहिलो.

वाटेत अंधार पडता पडता एका पाड्यावर पावरीचा आवाज आला. मार्गशीर्ष म्हणजे पेठ-सुरगाणा-कळवणकडे डोंगऱ्यादेवाचा महिना. व्रत धरलेली माणसे रात्र रात्र नाचतात, पौर्णिमेला डोंगरावर जातात. आम्ही अवेळी, विकत आणलेला उन्हाळ्यातला देव बघून निघालो होतो आणि चालू महिन्यातला देव रस्त्यापासून शंभर पावलांवर नाचत होता. बसमध्ये तेव्हा 'म' आला होता.

घरी आल्यावर मी जो शूरपणा दाखवला तो पत्रलेखनाचा. कंपनीला साडेतीन पानांचे पत्र पाठवले. उत्तर आले, 'आपला मौल्यवान अभिप्राय आमच्यासाठी प्रेरणादायी आहे', सोबत पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलत. आमचे मेहुणे वकील आहेत. ते म्हणाले, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. आणि मग त्यांनी एक इंग्लंडमधला खटला सांगितला, तो मला फार आवडला.

जार्व्हिस नावाचे एक सॉलिसिटर. १९६९ च्या नाताळात त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या मोर्लिआल्पला पंधरा दिवसांची सहल घेतली. त्रेसष्ट पौंड पंचेचाळीस पेन्स. जाहिरातीत घरगुती मेळाव्याचे आश्वासन होते. पहिल्या आठवड्यात तेरा पाहुणे होते, दुसऱ्या आठवड्यात हे एकटेच. यजमानाला इंग्रजी येईना. योडल गाणाऱ्याची संध्याकाळ होती. तो गायक म्हणजे गावातलाच एक मनुष्य, कामाच्या कपड्यांत आला, चार-पाच गाणी भराभर म्हणाला आणि गेला. खालच्या न्यायालयाने निम्मे पैसे परत दिले. १९७२ साली अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी सांगितले की सुट्टीत आनंद विकत घेतलेला असतो, तो मिळाला नाही तर त्या हिरमोडाचीही भरपाई झाली पाहिजे. आणि एकशे पंचवीस पौंड दिले. भरलेल्या पैशांच्या जवळजवळ दुप्पट! मी हर्षभरित झालो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तो योडल गाणारा डोळ्यांसमोरून हलेना. दिवसभर काम करून, कपडे न बदलता, एका इंग्रजासमोर गाणी म्हणून घरी जाणारा. त्याला किती दिले होते, हे कोणत्याही न्यायाधीशाने विचारल्याचे मेहुण्यांनी सांगितले नाही.

या धंद्याचा मूळपुरुष टॉमस कुक. त्याने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला पाचशे माणसे आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग. नेली ती दारूबंदीच्या सभेला. सुरुवात इतकी सात्त्विक होती, हे आमच्या शेकोटीच्या रात्रीनंतर खरे वाटत नाही.

आयोगाकडे मी गेलो नाही. मेहुण्यांनी नोटीस धाडली, कंपनीने 'सद्भावना म्हणून' माणशी सहा हजार परत केले, मी अठरा हजार मुकाट्याने घेतले. तक्रारीचा मसुदा करताना एक अडचण आलीच होती. गाडी बदलली, समूह मोठा झाला, मार्गदर्शक अभ्यासू नव्हता, हे सगळे कलमवार लिहिता येत होते. आई पंचवीस मिनिटे खिडकीतून बघत राहिली, हे कोणत्या कलमाखाली लिहायचे? आईला पैसे परत आल्याचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मी पैशाचं कुठं काय म्हटलं होतं?"

एप्रिलमध्ये परीक्षांचे पेपर तपासून झाले आणि मी रेल्वेची तीन तिकिटे काढली. नाशिकला एका रात्रीचा मुक्काम, सकाळी एस. टी. स्थानक. वाहकाने तिकिटे दिली ती बघण्यासारखी होती. माझे पूर्ण, सौ.चे अर्धे, कारण मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे भाडे आहे. आणि आईचे शून्य रुपयांचे, कारण पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आईने ते शून्याचे तिकीट नीट घडी घालून पर्समध्ये ठेवले. गिरणारे गेले, वाघेऱ्याचा घाट चढला. आईचे गुडघे दुखले, सौ.ला बस लागली, मला उभे राहावे लागले. ज्येष्ठांची विशेष काळजी एका शाळकरी मुलाने घेतली, त्याने आईला खिडकी दिली.

शाळा सापडायला अर्धा तास लागला. इमारत नवी होती. आई राहत होती ती खोली गेली, तिथे फोन दुरुस्तीचे दुकान आहे. शाळेतल्या तरुण गुरुजींनी चहा मागवला आणि जुनी हजेरीपुस्तके आता मिळणार नाहीत म्हणून वाईट वाटून घेतले. आईने त्या मुलीचे नाव, बापाचे नाव, पाड्याचे नाव सांगितले. गुरुजी म्हणाले, "त्या घरातली एक मुलगी चौथीत आहे की!" मुलीला बोलावले. ती त्या करवंदवालीची नात निघाली. आजी? आजी दिंडोरीकडे द्राक्षांच्या मळ्यावर. मुलगा-सून छाटणीला गेले आहेत, धाकट्या नातवंडांना सांभाळायला आणि स्वयंपाकाला आजी बरोबर गेली आहे. ही शाळेसाठी आत्याकडे राहिली.

म्हणजे या वेळीही घर बंदच होते. आई काही बोलली नाही. तिने त्या पोरीला जवळ घेतले, कोणता पाढा येतो विचारले. बाराचा. आत्या आली, तिने आमचा नंबर घेतला आणि निघताना नागलीच्या पिठाची एक पिशवी आईच्या हातात ठेवली. मी पाकिटाकडे हात नेला. सौ.ने माझ्याकडे असे पाहिले की मी तो परत खाली आणला.

साडेतीनच्या बसने आम्ही निघालो. गाव मागे पडते तोच माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून बाईमाणसाचा मोठा आवाज, मागे पोरांचा गलका. "बाई हायेत का? हरसूलच्या बाई?"

मी फोन आईकडे दिला. आईने आधी तो उलटा धरला, मग सुलटा. पहिली दोन मिनिटे कोण काय बोलते ते दोघींनाही ऐकू येत नव्हते, दोघीही एकदमच बोलत होत्या. "उशिरा आले गं मी त्या दिवशी," आई म्हणाली. पलीकडून काय उत्तर आले ते मला कळले नाही, पण आई हसली. मग शिस्तीच्या आवाजात, शेजारचे चार उतारू वळून बघतील इतक्या मोठ्याने, म्हणाली, "एकोणतिसाचा येतो का अजून? म्हण बघू."

फोनमधून मलाही ऐकू आले. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक...

बस वाघेऱ्याच्या घाटात शिरली आणि रेंज गेली. आईने गिरणारे येईपर्यंत फोन कानाला तसाच धरून ठेवला होता.